वेळ संपत आली, प्रश्न उरले : काय करावे?



आजचे युग हे स्पर्धा परीक्षांचे युग आहे, हे वाक्य आपण इतक्या भाषणांतून ऐकले आहे की त्याचे आता काही वाटत नाही. पण आपल्या कुपवाडमधील कोणत्याही गल्लीत संध्याकाळी चक्कर टाकावी, म्हणजे ते किती खरे आहे हे कळते. वडील एमआयडीसीत पाळीवर, थोरला पोलीस भरतीच्या तयारीत, मुलगी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून बसलेली आणि धाकटा शिष्यवृत्तीचा सराव संच सोडवतो आहे. एका घरात तीन परीक्षा आणि तिघांचे नियम वेगळे! या सर्व परीक्षांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. प्रश्नाखाली चार किंवा पाच पर्याय छापलेले असतात व त्यांतील बहुधा एक निवडायचा असतो. आणि परीक्षेहून परतल्यावरची तक्रारही सारखीच असते : "येत होतं हो, पण वेळ पुरला नाही. शेवटचे पंधरा-वीस तसेच राहिले."

अभ्यास कसा करावा यावर पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु न सुटलेल्या, न वाचलेल्या प्रश्नांचे काय करावे, ते कोरे सोडावेत की अंदाजाने उत्तर द्यावे, हे मुलांना समोर बसवून सहसा कोणी सांगत नाही. आम्ही बँकेतील साधे कारकून. कला शाखेचे पदवीधर असल्यामुळे गणिताशी आमचे नाते नोकरीपुरतेच आहे. तरीही या प्रश्नाचा हिशेब आम्ही वहीवर मांडून पाहिला आहे, तो येथे देत आहोत.

आमची स्वतःची चूक

आधी आमची चूक सांगतो. पदवी झाल्यावर आम्ही एका बँकेच्या लेखी परीक्षेला कोल्हापूरला गेलो होतो. प्रश्नाला पाच पर्याय होते. बैठकव्यवस्थेच्या एका कोड्यात आम्ही असे अडकलो की घड्याळाकडे पाहिले तेव्हा शेवटची तीन मिनिटे राहिली होती आणि बावीस प्रश्न कोरे होते. ओळखीच्या एका वडीलधाऱ्यांनी बजावून सांगितले होते, "येत नसेल तर हात लावू नको, चुकले की गुण जातात." आम्ही आज्ञाधारक. पेन बंद केले व हात बांधून बसलो.

परत येताना मिरजेच्या गाडीत शेजारी बसलेल्या एका उमेदवाराने परीक्षेचे माहितीपत्रक काढून दाखवले. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होणारच नव्हते! तेच माहितीपत्रक आमच्या पिशवीतही होते. आम्ही ते उघडले नव्हते. बावीस प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी पाचात एक या हिशेबाने सरासरी चारेक गुण मिळाले असते. पुढे यादी लागली, तीत आमचे नाव नव्हते. केवळ त्या चार गुणांमुळे नव्हते असे आम्ही म्हणत नाही, कारण आमचे गुण आम्हाला कधी कळलेच नाहीत. परंतु यादीच्या शेवटच्या नावाशी एकेका गुणावर किती उमेदवार उभे असतात, हे ज्याने अशा परीक्षा दिल्या आहेत त्याला सांगायला नको.

त्या दिवसापासून एक गोष्ट शिकलो. कोरे सोडायचे की खूण करायची, हे भीतीवर किंवा ऐकीव सल्ल्यावर ठरवू नये. ते त्या परीक्षेच्या नियमावर आणि हिशेबावर ठरवावे, आणि तेही घरून निघण्यापूर्वी.

१. प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा

आपल्या मुलांच्या नेहमीच्या परीक्षांचे दोन गट पडतात.

पहिला गट गुण वजा न होणाऱ्या परीक्षांचा. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीतील मुलांची एन.एम.एम.एस. परीक्षा, नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा, बारावीनंतरची एम.एच.टी.-सी.ई.टी. आणि पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा या गटात येतात. येथे कोऱ्या प्रश्नाला शून्य आणि चुकीच्या उत्तरालाही शून्यच. म्हणून या परीक्षांत एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा आहे. चार पर्यायांचे बारा प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरीने तीन बरोबर येतात. बाराही चुकण्याची शक्यता शंभरात फक्त तीन इतकी आहे. आणि समजा बाराही चुकले, तरी कोरे सोडल्यावर जे मिळाले असते तेवढेच मिळेल, कमी नाही.

दुसरा गट उणे गुणांच्या परीक्षांचा. आय.बी.पी.एस.च्या बँक परीक्षेत पाच पर्याय असतात व चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचा पाव गुण जातो. कर्मचारी निवड आयोगाच्या सी.जी.एल. परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात चार पर्याय, बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकीला अर्धा वजा. 'नीट' परीक्षेत बरोबरला चार, चुकीला एक वजा. रेल्वे भरतीत व यू.पी.एस.सी.च्या पूर्वपरीक्षेत चुकीमागे प्रश्नाच्या एक-तृतीयांश गुण कापले जातात. आपल्या राज्याच्या लोकसेवा आयोगाचाही पूर्वी एक-तृतीयांशचाच नियम होता. २०२० मध्ये आयोगाने तो बदलून २५ टक्के केला. जुन्या पुस्तकातील नियम पाठ करून परीक्षेला गेलेल्या मुलाचा हिशेब त्यामुळे चुकतो. नियम बदलतात. जाहिरात, प्रवेशपत्र आणि प्रश्नपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरील सूचना दर वेळी नव्याने वाचल्याच पाहिजेत.

२. गुण का कापतात आणि किती कापतात?

पर्यायी उत्तरांची छापील परीक्षा शंभरहून अधिक वर्षांची आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास वाचनाची अशी चाचणी तयार केली, आणि पहिल्या महायुद्धात १९१७ पासून अमेरिकन सैन्यभरतीत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ज्याला काहीच येत नाही त्यालाही नुसत्या खुणा करून काही गुण मिळतात, हा तिचा दोष लवकरच ध्यानात आला. त्यावर उपाय म्हणून गुण कापण्याची रीत आली.

त्यामागचे गणित सोपे आहे. चार पर्याय असतील तर आंधळेपणाने केलेल्या चार खुणांपैकी सरासरी एक बरोबर येते, तीन चुकतात. एकाचा मिळाला एक गुण. तीन चुकांचे तीन वेळा एक-तृतीयांश, म्हणजे एक गुण गेला. जमा-खर्च शून्य. पाच पर्यायांना पाव गुण कापला तरी हेच होते : एक जमा, चार पाव मिळून एक खर्च. म्हणजे या नियमाने आंधळ्या अंदाजाचा फायदा काढून घेतला जातो, त्याला शिक्षा होत नाही. "अंदाज केला की नुकसानच" ही समजूत म्हणून चूक आहे. याच अमेरिकेत कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत चुकीला पाव गुण कापत असत. २०१६ पासून तो नियम काढून टाकला आहे.

आता आपल्या कामाचा हिशेब पाहू. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात एक प्रश्न दोन गुणांचा, चार पर्याय, चुकीला अर्धा गुण वजा. पूर्ण आंधळा अंदाज केल्यास प्रत्येक प्रश्नामागे सरासरी केवळ अष्टमांश गुण पदरात पडतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण एक पर्याय खात्रीने गाळता आला तर हाच आकडा एक-तृतीयांश होतो आणि दोन पर्याय गाळता आले तर पाऊण गुण होतो. यू.पी.एस.सी.त आंधळ्या अंदाजाला शून्य, पण दोन पर्याय गाळल्यावर सरासरी दोन-तृतीयांश गुण मिळतो.

हे सर्व ध्यानात ठेवणे अवघड वाटेल त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे : पाव भाग कापला जात असेल तर आपले पाचांपैकी एकाहून अधिक अंदाज बरोबर आले पाहिजेत, आणि एक-तृतीयांश कापला जात असेल तर चारांपैकी एकाहून अधिक. त्याहून अधिक येत असतील तर उत्तर द्यावे, नाहीतर सोडावे.

३. पर्याय कसे गाळावेत?

अंदाज याचा अर्थ नशीब आजमावणे नव्हे. आपल्याला अर्धे ठाऊक असते, त्या अर्ध्या ज्ञानाचे गुण वसूल करणे म्हणजे योग्य अंदाज. दोन उदाहरणे पाहू.

आपल्याच परिसरातील प्रश्न घ्या. कृष्णा नदीविषयी तीन विधाने दिली आहेत : (अ) तिचा उगम महाबळेश्वर येथे होतो. (ब) ती अरबी समुद्राला मिळते. (क) वारणा ही तिची उपनदी आहे. पर्याय असे : १) फक्त अ, २) अ आणि ब, ३) अ आणि क, ४) ब आणि क. महाबळेश्वर एखाद्याला ठाऊक नसेल. पण कृष्णा पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते एवढे माहीत असेल तर 'ब' गेले, आणि त्याबरोबर दुसरा व चौथा पर्यायही गेला. उरले दोन. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम ज्याने पाहिला आहे, त्याला तर तिसऱ्या पर्यायाशिवाय दुसरे उत्तर उरतच नाही. एका विधानाची खात्री असली तरी अशा प्रश्नात निम्मे पर्याय बाद होऊ शकतात, म्हणून विधानांचे प्रश्न लांब दिसले तरी घाबरून सोडू नयेत.

दुसरे उदाहरण आमच्या धंद्यातले. १२,००० रुपयांचे दसादशे ८ दराने अडीच वर्षांचे सरळव्याज किती? पर्याय : ९६०, १,९२०, २,४००, ३,०००. पूर्ण गणित मांडायची गरज नाही. एका वर्षाचे व्याज ९६०. दोन वर्षांचे १,९२० आणि तीन वर्षांचे २,८८०. अडीच वर्षांचे या दोहोंच्या मध्येच असणार. तसा पर्याय एकच आहे, २,४००. वीस सेकंदांत उत्तर मिळाले. अंकगणितात उत्तर कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये यायला हवे हे आधी पाहण्याची सवय लावली तर वेळ वाचतो आणि चुकाही टळतात.

जोड्या लावण्याच्या प्रश्नात एक जोडी पक्की माहीत असली की तीवरून पर्याय छाटावेत. 'केवळ', 'कधीही', 'सर्वच' असे टोकाचे शब्द असलेली विधाने बऱ्याचदा चुकीची असतात, परंतु नेहमीच नव्हे. कायद्याच्या व राज्यघटनेच्या प्रश्नांत असे शब्द अगदी बरोबर असू शकतात. म्हणून त्या शब्दावर संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. प्रश्न काढणारे तज्ज्ञ चुकीचे पर्यायही विचारपूर्वक ठेवतात. अर्धवट वाचलेल्याला जो पर्याय ओळखीचा वाटेल, तोच अनेकदा फसवा असतो. नाव ऐकल्यासारखे वाटते, एवढ्यावर खूण करणे हा अंदाज नव्हे, ती घसरण आहे.

४. प्रश्न उरतातच का?

खरे दुखणे येथे आहे. एका प्रश्नाला किती वेळ आहे, हा साधा भागाकार फार थोडी मुले करतात. पोलीस भरतीला ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. एन.एम.एम.एस.ला ९० मिनिटांत ९० प्रश्न, म्हणजे बरोबर एक मिनिट. राज्यसेवा पूर्वपरीक्षेला दोन तासांत १०० प्रश्न, म्हणजे ७२ सेकंद. सी.जी.एल.ला व बँक कारकुनाच्या पूर्वपरीक्षेला ६० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे अवघे ३६ सेकंद! शिवाय या बँक परीक्षेत इंग्रजी, अंकगणित व बुद्धिमत्ता यांना प्रत्येकी २० मिनिटेच असतात आणि वेळ संपली की तो विभाग बंद होतो. म्हणजे तेथे शेवटची दोन मिनिटे एकदा नव्हे, तीनदा येतात.

आमचा सल्ला तीन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत जावे आणि पाहताक्षणी येणारे प्रश्न सोडवावेत. दुसऱ्या फेरीत थोडा विचार लागणारे आणि दोन पर्यायांत अडलेले घ्यावेत. तिसऱ्या फेरीत लांब गणिते व कोडी. नव्वद मिनिटांचा पेपर असेल तर पहिल्या फेरीला साधारण पंचावन्न, दुसरीला वीस, तिसरीला दहा आणि शेवटी पाच मिनिटे राखून, अशी वाटणी करता येते. एका कोड्यापायी पंधरा सोपे प्रश्न न वाचताच राहणे, हे आमच्यासारखे आणखी कोणाचे होऊ नये.

५. शेवटची पाच मिनिटे

(अ) उत्तरपत्रिकेवर वर्तुळे भरायची असतील तर ती प्रश्नागणिक भरत जावीत. एका वर्तुळाला पाच सेकंद धरले तरी शंभर वर्तुळांना आठ मिनिटांहून अधिक लागतात. ती शेवटी मिळत नाहीत. पहिल्या फेरीत प्रश्न गाळताना त्याचा क्रमांक प्रश्नपुस्तिकेत गोल करून ठेवावा, म्हणजे पुढची सर्व उत्तरे एका ओळीने सरकण्याचा अनर्थ होत नाही.

(आ) गुण वजा होणार नसतील तर पाच मिनिटे राहताच नवा प्रश्न हाती घेणे थांबवावे. आधी उरलेल्या प्रश्नांतील जे अर्धवट येतात त्यांवर, मग राहिलेल्या सर्वांवर खूण करावी. न वाचलेल्या प्रश्नांना एकच क्रमांक धरून, समजा सर्वांना तिसरा पर्याय, भरत गेल्यास विचारात वेळ जात नाही. तिसऱ्या क्रमांकात काही जादू आहे असे मात्र नाही. "क हे उत्तर जास्त वेळा येते" वगैरे गोष्टींना आधार नाही.

(इ) गुण वजा होणार असतील तर न वाचलेले प्रश्न कोरे राहू द्यावेत. फार तर सरासरी किंचित फायदा निघेल, पण घाईत वाचलेला प्रश्न चुकण्याची भीती त्याहून मोठी. तो वेळ दोन पर्यायांत अडलेल्या प्रश्नांना द्यावा.

(ई) केवळ पात्रतेपुरता पेपर असेल, जसा यू.पी.एस.सी.चा २०१५ पासूनचा दुसरा पेपर ३३ टक्क्यांपुरता आहे, तर पात्रतेची रेषा निश्चित ओलांडली आहे असे वाटल्यावर जोखीम घेऊ नये.

(उ) संगणकावरील परीक्षेत पर्यायावर नुसती टिचकी मारून पुढे जाऊ नये. उत्तर जतन करण्याचे बटण दाबले तरच ते धरले जाते. सराव चाचणीत हे एकदा करून पाहावे.

(ऊ) आधी केलेली खूण बदलावी का? "पहिले मनात आलेले उत्तर बरोबर असते" असे सगळे म्हणतात. परदेशात यावर बरेच अभ्यास झाले आहेत व बदललेली उत्तरे चुकीकडून बरोबरकडे जाण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. कारण सापडले असेल तर बदलावे. केवळ धास्ती वाटते म्हणून बदलू नये.

६. घरी करावयाचा सराव

आपले अंदाज कितपत बरोबर येतात, हे परीक्षेच्या दिवशी नव्हे तर घरी कळले पाहिजे. सराव पेपर सोडवताना खात्रीच्या उत्तरापुढे काही करू नये, दोन पर्यायांतून निवडलेल्यापुढे एक टिंब द्यावे आणि आंधळ्या खुणेपुढे दोन टिंबे. तपासताना तिन्हींचा वेगवेगळा हिशेब मांडावा. एका टिंबाचे निम्मे बरोबर येत असतील तर परीक्षेत बिनदिक्कत उत्तर द्यावे. चाळीसांतले सात-आठच येत असतील तर आपले अर्धे ज्ञान कोठेतरी चुकीचे आहे, तो विषय पुन्हा वाचावा. चार-पाच पेपरांत आपला स्वभाव आपल्याला कळतो.

७. अंदाज करणे म्हणजे अप्रामाणिकपणा आहे काय?

हा प्रश्न एका मुलीने आम्हाला विचारला होता, म्हणून तो शेवटी मुद्दाम घेतला आहे. गुण वजा न होणाऱ्या परीक्षेतही तिने अकरा प्रश्न कोरे सोडले होते. कारण विचारता म्हणाली, "काका, जे येत नाही ते येतंय असं कसं दाखवायचं?"

आम्हाला तिचा राग आला नाही, कौतुकच वाटले. बँकेच्या खतावणीत अंदाजाने आकडा लिहिणारा कारकून आम्हीसुद्धा चालवून घेणार नाही. पण खतावणी वेगळी आणि परीक्षा वेगळी. खतावणीतील आकडा दुसऱ्याच्या पैशाविषयी ग्वाही देतो. परीक्षेतील खूण एवढेच सांगते की या चारांत मला हा अधिक बरोबर वाटतो. परीक्षा घेणाऱ्यांनी ते गृहीत धरूनच नियम केला आहे, आणि तो सर्वांना सारखा आहे. त्यात लबाडी नाही. शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणे ही लबाडी.

येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. कॅथरिन बाल्डिगा या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की चुकीला गुण कापले जात असतील तेव्हा ज्ञान सारखे असूनही स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक प्रश्न कोरे सोडतात व त्यामुळे त्यांचे गुण कमी होतात. तो अभ्यास अमेरिकेतला. पण आपल्या घरातही "चुकशील, गप्प बस" हे वाक्य मुलींना अधिक वेळा ऐकावे लागते, हे आपण मनाशी कबूल केले पाहिजे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी अशा परीक्षेला बसते आहे, त्या मुलांचाही संकोच असाच असतो. कोरा प्रश्न म्हणजे नम्रता नव्हे. अर्धे येत असेल तर त्या अर्ध्याचे गुण मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हे या मुलांना सांगणारे कोणीतरी हवे.

समारोप

थोडक्यात, नियम आधी वाचा. वेळ वाटून घ्या. गुण जात नसतील तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका. जात असतील तर पर्याय गाळून मग ठरवा. मात्र या सर्व युक्त्यांची किंमत दोन-चार गुणांचीच आहे हे विसरू नका. नव्वद गुण अभ्यासाने मिळवायचे असतात. यादीत शेवटच्या नावाच्या एक जागा खाली आपले नाव असते, तेव्हा त्या दोन-चार गुणांचे मोल कळते. ते आम्हाला एकदा कळले आहे. तुम्हाला ते तसे कळू नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

येत्या परीक्षांना बसणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!